एक्केचाळीस अंश

कानाझावात प्रशिक्षण झालं, एका दुपारचं.
पाणी एक्केचाळीस अंश. कोपर बुडवून बघायचं,
तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं.
आपण त्यांच्यापेक्षा खाली बसायचं, गुडघ्यांवर.
पाय टबात, हात आपल्या हातात,
मग बोलले तर बोलतील.
"कसं वाटतंय?" विचारायचं नाही.
"धीर धरा" म्हणायचं नाही, ते सगळे म्हणून गेलेत:
मंत्री, जावई, टीव्हीवाले.
ऐकताना लिहायचं नाही.
नंतर, गाडीत, कार्डावर, त्यांच्याच शब्दांत.
सुधारायचं नाही.

एवढ्या शिदोरीवर आम्हाला नोतोला धाडलं,
दोन तासांच्या रस्त्यानं, जो आता पाच तासांचा झाला होता.

तात्पुरत्या घरांची रांग. ब-चौदा.
तोकुएमोन हामादे, वय एक्क्याऐंशी,
लाकडी वाट्यांवर उरुशीचा चीक चढवणारे,
थरावर थर, साठ वर्षं.
नखांत काळं, कुठल्याच साबणाला न बधणारं.
मार्चमध्ये म्हणाले, "हा डावा घोटा
शाळेच्या शर्यतीत मुरगळला होता."
पंधरा मिनिटं घोटा.
मी कार्डावर घोटा लिहिला.

एप्रिलमध्ये म्हणाले, "या खोलीत हीटर फार.
उरुशी अशी वाळत नाही.
तिला वाळायला ओल लागते."
मिझुशिमाबाईंनी गाडीत कार्ड वाचलं,
चष्मा काढला. "किती खोल. दुःखाबद्दल बोलताहेत."
मी म्हटलं, बहुतेक उरुशीबद्दल.
मला त्यांचा राग आला,
आणि थोडा माझाही,
कारण लिहिताना माझाही हात तिथेच रेंगाळला होता.

जूनमध्ये, मी टॉवेल पिळताना:
"हिरोए असती तर हसली असती तुला."
पहिल्यांदाच नाव.
मी टॉवेल पुन्हा पिळला, तसाच वाईट.

मग सप्टेंबरात नदी आली.
ज्यांची घरं जमिनीनं नेली होती
त्यांच्या नव्या खोल्यांत
गुडघाभर गढूळ पाणी.
हीटर गेला. चपला गेल्या.
भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली, सरळ,
जणू कुणी पट्टी धरून ओढलेली.

ऑक्टोबरात आम्ही टब, टॉवेल, थर्मास घेऊन दारात.
ते म्हणाले, "आज पाणी नको."

हे प्रशिक्षणात नव्हतं.
मी गुडघ्यांवर बसलेच, सवयीनं.
रिकामा टब मध्ये. त्यांनी मोजे काढले,
घडी करून बाजूला ठेवले,
आणि कोरड्या टबात पाय ठेवले,
दोन्ही, जुळवून,
देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसे.

बऱ्याच वेळानं:
"नववर्षाचा दिवस. त्या दिवशी कुणी काम करत नाही.
मी म्हटलं, वाट्या फिरवून येतो, पाच मिनिटं.
वेळेवर फिरवल्या नाहीत तर उरुशी ओघळते.
ती म्हणाली, आज तरी राहू दे."

बाहेर कुणीतरी फावड्यानं चिखल खरवडत होतं.

"बत्तीस वाट्या होत्या.
एकही ओघळली नाही."

"तुमची चूक नाही"
हे वाक्य मनाई केलेल्यांच्या यादीत नव्हतं.
ते माझ्या दातांपर्यंत आलं.
मी त्यांचा अंगठा दाबत राहिले,
मग तर्जनी, मग मधलं बोट,
मग करंगळीपाशी आल्यावर
काय करावं कळेना म्हणून परत अंगठा.

"झाली का पंधरा मिनिटं?" त्यांनी विचारलं.
नाही, मी म्हटलं.
चाळीस झाली होती.

गाडीत मी लिहिलं: बत्तीस. एकही नाही.
मिझुशिमाबाईंनी वाचलं.
चष्मा काढला नाही.
कार्ड बाकीच्यांत न ठेवता
त्यांनी मांडीवर पालथं धरलं, पुढच्या घाटापर्यंत.

थर्मासमधलं पाणी अजून गरम होतं.
कुठे ओतावं ते सुचेना, म्हणून परत आणलं.
डिसेंबरच्या पानावर मी लिहिलं: ब-चौदा, हामादे.
त्यापुढे: टब न्यायचाच.
पाणी?